ख

माझं माहेरचं आडनाव खासगीवाले.
हजेरीत बाई ते वाचायच्या, मी नुसता हात वर करायची.
पण नवीन कुणी विचारलं, की
ख ख ख,
थंडीतल्या स्कूटरला किक मारल्यासारखं,
आणि मागच्या बाकावरून ठरलेलं,
"धक्का द्या रे भिया, गाडी बंद पडली."

आईनं वेखंड उगाळून चाटवलं.
आत्या म्हणाली, गाणं शिकवा,
गाताना जीभ अडत नाही.
खरंच नाही अडली.
पण वाण्याच्या दुकानात गाऊन कोण
पाव किलो खोबरं मागतं?

संक्रांतीला कटलेल्या पतंगामागे
मला चिमणबागेत धावताना पाहिलं ताम्हनकर मास्तरांनी.
"उद्यापासून खो-खोला ये."
मी मान हलवली. घरी येऊन हातपाय धुताना
लक्षात आलं,
या खेळात एकच शब्द बोलायचा असतो.

पहिला सामना देवासच्या मुलींशी.
शकुन चौकसे पाठमोरी बसलेली.
मी बोटं टेकली, तोंड उघडलं,
आणि विहिरीतला पोहरा कपारीत अडकावा
तसा तो शब्द.
शकुन उठली. शिट्टी. फाउल.
पुन्हा उठली. पुन्हा शिट्टी.
देवासची ती पोर खांबाला वळसा घालून
चालत गेली. पळायची गरजच नव्हती तिला.

खो घालणं म्हणजे आडकाठी,
हे घरी ऐकून माहीत होतं.
त्या दिवशी मी सगळ्यांच्या खेळाला खो घातला,
तो न म्हणताच.

शकुन आमच्यातली नव्हती. तिचे वडील मल्हारगंजात
सेव तळायचे, तिच्या वेण्यांना हिंग-लवंगेचा वास.
ती म्हणाली, "हमारे में तो खो मतलब गुमा दे.
तू पकड के बैठी है."
मग महिनाभर, शाळा भरायच्या आधी,
ती मला मैदानाभोवती पळवायची
बरगडीत कळ येईपर्यंत,
आणि एकदम माझ्याकडे पाठ करून बसायची.
शब्द जुळवायला श्वासच नसायचा.
होता नव्हता तेवढा बाहेर पडायचा, गरम, खरखरीत,
आणि शकुन सुटायची.
मला वाटलं, दया करतेय.
"बोली तू!" ती पार दुसऱ्या खांबावरून ओरडली,
"सुनाई दिया!"

ख हे अक्षर नव्हतंच. धाप होती.

आम्ही जिंकलो-बिंकलो नाही, उज्जैननं धुतलं आम्हाला.
मी अजूनही अडखळते.
बँकेत तिसऱ्या खिडकीवर माझं एक वाक्य संपेस्तोवर
लोक घड्याळ बघतात, मी नोटा पुन्हा मोजते.
कधी कधी समोर एखादं पोर येतं, फॉर्म पुढे करतं,
ओठ हलतात, आवाज येत नाही.
मी त्याच्याकडे बघत राहते, रांगेकडे नाही.
बाकी काही करता येत नाही.
आणि जावई शोधला लेकीनं,
तो नेमका खरगोणचा.

मागच्या पौषात शकुनचे वडील गेले.
खालच्या भट्टीवर कढईत तेल थिजलेलं,
झाऱ्या तसाच उभा.
मी तीन जिने चढले.
वर बायकांच्या घोळक्यात ती
भिंतीकडे तोंड करून बसलेली.
रिक्षात बसून रस्ताभर जुळवलेलं वाक्य
उंबऱ्याशीच तुटलं.
कुणीतरी सरकून जागा केली.
मी बसले नाही. तिच्या मागे उभी राहिले,
खांद्यांच्या मध्ये, जुन्याच ठिकाणी,
दोन बोटं टेकली.

ती वळली नाही.
बराच वेळ गेला. बायका रडायच्या थांबून बघायला लागल्या.
मग भिंतीलाच म्हणाली,
"आवाज नहीं आई."

माझी धाप अजून बसली नव्हती.
मी म्हटलं.

ती उठली,
आणि पाहुण्यांच्या चहाचं बघायला
आत गेली.