सतरा मिनिटं उशिरा

पर्वरीच्या तळघरातला जुना सर्व्हर
रविवारी बंद करायचा होता.
यादी माझ्याकडे: काय हलवायचं, काय मारायचं.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
ती बादली रोज कुणीतरी ओतत असणार,
हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

एक प्रोसेस तेवढी ओळख देईना.
मालक: आवेलिन.
चालू: एक हजार एकशे आठ दिवस.
काम: झोप.

आवेलिन कार्व्हालो खातं सोडून गेला, अडीच वर्षं झाली,
स्विंडनला कुठल्याशा गोदामात खोकी मोजतो म्हणे.
फाइल उघडली. वरच्या ओळींत त्याची चिडचिड अजून ताजी:
आधी हे वेबपान म्हणून लिहिलं,
कुणी उघडल्याशिवाय चालेना,
आणि उघडलं तरी तिसाव्या सेकंदाला
सर्व्हर मान पिरगळायचा.
मग क्रॉनकडे दिलं.
क्रॉन इमानी, पण घड्याळाचा नोकर,
पहाटे चार म्हणजे चार.
चोडणचं पाणी चाराला बांधलेलं नाही,
ते रोज पन्नासेक मिनिटं पुढं सरकतं,
चंद्राला विचारून.

म्हणून शेवटी हे. एक न संपणारं आवर्तन,
टर्मिनल मिटलं तरी मरू नकोस
असं बजावून मागं सोडलेलं.
उठायचं, पुढची ओहोटी मोजायची,
चौदा नंबरांना कळवायचं: मानशीवर जाळं लावा,
आणि पुन्हा बारा तास पंचवीस मिनिटं आडवं व्हायचं.

लॉगमध्ये तेरा नंबर केव्हाच मेलेले.
चौदाव्याला अजून पोचत होतं.
मी फोन लावला.

"कोण गो?"
चंपावती हळर्णकर. मागं कोंबड्या.
म्हटलं, बाय, तो ओहोटीचा मेसेज येतो ना,
तो रविवारपासून बंद होईल.
"तो? तो सतरा मिनिटं उशिरा येतो.
पलीकडं रेती उपसली तेव्हापासून पाणीच लवकर उतरतं.
मी काय त्याची वाट बघते?
जाळं तोवर पाण्यात असतं."

मग बंद केला तर चालेल?

बराच वेळ नुसत्या कोंबड्या.
"मी बांधावरून परत फिरते ना,
मधे खारफुटीत काळोख लागतो,
तिथंच बरोबर तो थरथरतो कमरेला.
राहू दे, बाय. तुला काय जड आहे?"

जड काहीच नव्हतं. चार किलोबाइट.

शनिवारी रात्री नव्या मशीनवर चढवला.
सतरा मिनिटांची दुरुस्ती एका ओळीची होती,
ती ओळ मी लिहिलीसुद्धा.
मग तिच्याआधी खूण टाकून तिला गप्प केलं.
यादीत कारणाचा रकाना होता.
त्यात काय भरावं सुचेना,
"चालू आहे" एवढंच लिहिलं.

एंटर दाबलं.
मालक अजून आवेलिनच.
चालू: शून्य दिवस.
काम: झोप.

बादली काठोकाठ आली होती.
उचलली, जिन्यावर थोडी सांडली,
बाहेर जाऊन ओतून आले.