हवालदार

कुंडलिकेच्या पुलापासून तिसरं शटर माझं.
कूलर दुरुस्ती, मोटार वाइंडिंग, गवताच्या जाळ्या मिळतील.
टेबलावर, डाग द्यायच्या जागेपासून जरा लांब,
दोन फुटांची काचेची पेटी.
तिच्या तळाशी हवालदार.

बदली झाली तेव्हा खिस्ते सर ठेवून गेले.
"थंड पाण्याचा मासा आहे, लिंबाजी. चिवट आहे.
तुझ्याकडं गारवा असतो, म्हणून."
माझ्याकडं तर, सर,
बिघडलेला गारवा येतो.
नीट झाला की लोक घेऊन जातात.

वीतभर लांब, ओल्या सुतळीच्या रंगाचा.
ओठांवर मिशा, म्हणून हे नाव.
दिवसभर वाळूत पुरून घेतो,
बाहेर फक्त डोळे, दोन मोहऱ्या.

मे महिन्यात पारा त्रेचाळीस.
नळाला अकरा दिवसांनी पाणी,
ते दोन दिवस बादलीत उघडं ठेवायचं,
औषधाचा वास उडाला की तांब्या-तांब्यानं पेटीत.
गया म्हणाली, "माणसाला मोजून, अन् ह्याला शिळवून?"
पण संध्याकाळी रसवंतीवरून बर्फ तीच आणायची,
पिशवीत बांधून तरंगत सोडायची.
काढलेलं पाणी कढीपत्त्याला.
कढीपत्ता त्या वर्षी पत्र्याला लागला.

त्यातच एका सकाळी पेटी रिकामी.
झाकणाचा पुठ्ठा सरकलेला.
वाळू चाळली, शटरची खाच बघितली,
मांजरीचं तोंडसुद्धा हुंगलं.
दुपारी डॉक्टरांचा कूलर टेम्पोत चढवताना
तळाशी, गवताच्या चुऱ्यात काहीतरी वळवळलं.
रात्रभर तो तिथं होता,
बोटभर पाण्यात,
माझ्याच कामाची तपासणी करत.
टेम्पोवाला दचकला, "साप हाय का काय?"
म्हटलं, "नाही. खात्याचा माणूस."

आता पौष.
कूलर कुणाला आठवत नाही ह्या दिवसांत.
मी मफलरात, हात काखेत, समोर बंद पंख्यांची रांग.
आणि हवालदार, उन्हाळाभर गाडून घेतलेला,
काचेला पोट लावून वर चढतो,
घोटभर हवा पितो, खाली सुटतो,
पुन्हा चढतो.
त्याची ड्युटी आत्ता लागलीय.

बोट बुडवून बघतो.
बधिर करील असं पाणी.
ह्यात माझी कारागिरी काहीच नाही,
कुणीच दुरुस्त न केलेला गारवा.
बोट तसंच ठेवतो थोडा वेळ.
तो येतो, मिशांनी चाचपतो,
ओळख पटल्यासारखा
पुढं जातो.