पाहा, फेरफार क्रमांक

कांजुरमार्गला, सातव्या मजल्यावर
काल दिवसभर मी एवढंच केलं:
कमिटच्या संदेशात दुसऱ्या कमिटचा क्रमांक आला
की तो निळा व्हावा,
दाबला की तिथे नेऊन सोडावा.

ऐकायला काहीच नाही.
आत्तापर्यंत माणसं तो क्रमांक निवडत, उचलत,
शोधाच्या चौकटीत डकवत, वाट पाहत.
चार हालचालींची मी एक केली.
याचा पगार मिळतो म्हटल्यावर
पपांनी चष्मा कपाळावर सरकवला,
"म्हणजे तू घोडा झालीस."

घोडा म्हणजे शिडी, तीन चाकांची, चौथं गेलेलं,
त्यांच्या भूमापन कचेरीतली.
एकतीस वर्षं पपांनी अभिलेख सांभाळले.
मिळकत पत्रिकेच्या कडेला कुणी लिहून गेलेलं असायचं
"पाहा, फेरफार क्र. ११४२"
आणि पाहायचं म्हणजे उठायचं,
घोडा ढकलायचा, चढायचं, लाल रुमाल सोडायचा,
आत लिहिलेलं, "पाहा, ८७६."
पुन्हा उतरायचं.
भांडुपच्या एका अंगणाची हद्द शोधत
ते असे १९३१ पर्यंत गेले होते. डबा तसाच घरी आला.

दुपारी माझा नियम जरा जास्तच उत्साही निघाला.
सात अक्षरं, शून्य ते नऊ, ए ते एफ,
दिसलं की निळं.
हेमांगी तांडेलने कधीतरी लिहिलेलं
"कर्जाची मर्यादा 2500000 केली",
ते पंचवीस लाखही निळे झाले
आणि दाबलं तर कुठेच नेईनात.
"पंचवीस लाखांत मुंबईत कुठे जाणार तू?"
फरहान मुकादम मागून म्हणाला.

मग आधी विचारायचं, असा क्रमांक खरंच आहे का,
रंग नंतर.

विचारल्यावर काही नाहीतच निघाले.
"पुन्हा तीच चूक, पाहा c41e9b7.
या वेळी मीच केली. ग्लेन."
ग्लेन डिमेलो सोडून गेला त्याला चार वर्षं झाली.
तो गेल्यावर कुणीतरी इतिहास नीटनेटका केला,
बारा कमिट एकात दाबले, बाकीचे झाडून टाकले.
c41e9b7 आता कुठल्याच फांदीवर नाही.
त्याआधीची चूक कोणाची होती
हे ग्लेनने लिहिलं नाही,
फक्त बोट दाखवलं.

"काढून टाक ना," फरहान म्हणाला,
"मेलेला क्रमांक. लोक उगाच दाबत बसतील."

रात्री पपांना विचारलं,
रजिस्टरच नसलं तर?
"वाळवी लागायची. एकदा तळघरात पाणी शिरलं,
साठ सालचे सगळे गठ्ठे गेले."
मग कडेची ओळ खोडायचात?
भेंडीवरची सुरी थांबली.
"खोडायला ती माझी होती का?
शेजारी लाल शाईने लिहायचं,
मूळ नोंद उपलब्ध नाही. सही. तारीख."

आज सकाळी तसंच ठेवलं.
c41e9b7 काळाच राहतो.
त्यावर बाण नेला की खाली बारीक ओळ उमटते,
मूळ नोंद उपलब्ध नाही.

माझ्या कमिटचा संदेश लिहिताना
सवयीने लिहून गेले, "कारणासाठी पाहा"
आणि पुढे काय घालावं सुचेना.
शेवटी लिहिलं: पपा, मुलुंड, भेंडी चिरताना.

ते निळं होत नाही. तपासून पाहिलं.