जिराफ

कोलवाळच्या पुलाअलीकडे, हायवेला लागून,
आमच्या वॉटर पार्कच्या दारात एक जिराफ उभा आहे.
फायबरचा. डाव्या कानाचा टवका उडालेला.
त्याच्या मानेवर सेंटिमीटरचे आकडे.
मी त्याच्या शेजारी, दहा ते सहा.
काम एवढंच:
पोराला पाठ लावून उभं करायचं,
डोक्यावर आडवा हात धरायचा
आणि खिडकीकडे ओरडायचं, हाफ.
किंवा फुल.

मी लागले तेव्हा लाल रेघ एकशे चाळीसवर होती.
मग तीसवर आली.
या दिवाळीआधी मॅनेजरने माझ्याच हातात ब्रश दिला.
म्हणाला, शेवंती, एकशे वीसवर ओढ, सरळ ओढ.
पोरं काही आखूड होत नाहीत,
तेव्हा रेघच खाली येते.
जुन्यांवर पिवळा रंग फासलाय,
पण दुपारच्या उन्हात त्या दिसतात,
मिटवलेल्या उधारीसारख्या.

दर तर विचारूच नका.
सोमवारचा वेगळा, शनिवारचा वेगळा,
नाताळात सकाळचा संध्याकाळी नसतो.
म्हापशाच्या बाजारात निदान
दिवस कलला की बांगडे उतरतात.

तीन वर्षांत काय काय पाहिलं.
बापाने कोपर लावताच गुडघे वाकवणारी पोरं,
पाणी लावून चापून बसवलेले केस,
आणि एक आजोबा, खांद्यावर आठ वर्षांचा नातू,
झोपलाय हो, म्हणत.
नातवाच्या पापण्या नुसत्या फडफडत होत्या.

काल आजऱ्याहून तिघं आली.
आंबोलीच्या घाटात पोरीला गाडी लागलेली,
फ्रॉकला लिंबाचा वास.
बापाचं झेरॉक्सचं दुकान. हातात चौघडी कागद:
पेट्रोल, म्हापशातली खोली, पोहण्याचे कपडे भाड्याने,
दोन फुल, एक हाफ.
दर गेल्या मे महिन्यातले.
खिडकीवरच्या पाटीकडे तो बघत राहिला,
आणि बायको त्याच्याकडे.

ये गं बाय, म्हटलं. नाव काय?
श्रावस्ती.
ती जिराफाला टेकली.
माझ्या हाताखाली तिचे केस हळूच वर सरकले.
मी खाली पाहिलं.
टाचा उचललेल्या.
वाकलेले गुडघे मी रोज साठ बघते,
उचललेल्या टाचा पहिल्यांदाच.
मी वाढलेय ना? ती कुजबुजली.
ताठ, श्वास रोखून,
जणू आत गेल्यावर तिला कुणी बक्षीस देणार होतं.

बापानेही टाचा पाहिल्या.
त्याचं तोंड उघडलं.
दोन शब्दांचं काम होतं, टाचा टेकव.
माझंही तेच काम, त्याचाच पगार.
पण माझ्याआधी तोच खिडकीत वाकला
आणि म्हणाला, दोन फुल.
दोनच.

आई, मी फुल, मी फुल, असं ओरडत पोरगी आत गेली.
आईने वळून पाहिलं.
त्याने हाताने, जा जा.

जेवायच्या सुट्टीत तो मला पार्किंगमध्ये भेटला,
काजूखाली, डबा मांडीवर.
बाहेरचं खाणं आत चालत नाही,
म्हणून तीन माणसांच्या चपात्या त्याच्याकडे.
मलाही दिली एक, शेंगदाण्याची चटणी घालून.
भिंतीपलीकडे घसरगुंडीवरून किंकाळ्या उतरत होत्या.
मध्येच मान वळवून तो म्हणायचा, ही तिची.
मला सगळ्या सारख्याच.

पुढच्या वर्षी किती होईल हो? त्याने विचारलं.
म्हटलं, या वयात पाच-सहा सेंटिमीटर.
तो हसला. तिकीट विचारतोय.
ते मॅनेजरलाही माहीत नसतं.

मग त्याने तो कागद काढला,
बोट पुसलं,
आणि पेट्रोलच्या खाली, जागा नव्हती तिथे,
बारीक अक्षरात लिहिलं:
श्रावस्ती, १२०.

एकशे अठरा होती.
मी चपाती खात राहिले.