खिंड

डंडी. पहाटे चारला गणित थांबलं,
अकराव्या दिवशी.
मोरॅगच्या चंबूत हेच सगळं
चहा गाळेपर्यंत उरकतं.
पिवळं झालं, की झालं.

वाट मात्र चंबू सांगत नाही.
दोन दऱ्या, मधे खिंड;
तिथे कार्बनचा जुना हात पुरता सुटलेला नाही,
नवा पुरता धरलेला नाही.
खिंडीची खूण एवढीच:
एक कंपन काल्पनिक.
नेमकं एक.

मला दोन मिळाली.
म्हणजे मी भलत्याच माथ्यावर.

"माझ्याकडे तर होतंय," सकाळी मोरॅग म्हणते,
अंगठ्यावरचा पिवळा डाग दाखवत.
होतंय गं.
मिथाइल दहा अंश वळवून
पुन्हा रांगेत लावते गणित.

खाली टे नदीवर गाडी,
पुलाच्या मधोमध.
सिग्नल नसावा,
उभी आहे.