नववा भाग

उदगीर. मुबश्शिरचं मोबाइलचं दुकान.
स्क्रीनगार्डच्या खोक्याच्या पाठीवर
आम्ही भागांचे नंबर लावत बसलेलो.

चौथा पहिला. त्यात यंत्रमाणूस स्वतःचं नाव विसरतो.
"नइ रे, पयला नंबर नववेकाच," मुबश्शिर.
नवव्यात काय होतं? काहीच नाही.
यानाची इंजिनं बंद, खिडकीतून
हातानं रंगवलेला शनी सरकत राहतो
आणि चार मिनिटं नुसतं क्लॅरिनेट.
प्रल्हादनं त्याला अकरावा दिलेला.
भांडण जुन्या बॅटरीसारखं फुगलं.

तेवढ्यात प्रल्हादचे वडील आले, चार्जर बदलायला.
बँडमधले. लग्नसराईनं ओठ सोललेले.
स्क्रीनकडं बघितलंच नाही त्यांनी.
"कोण वाजवूलालंय रं हे?
दम संपलाय त्याचा, तरी सूर सोडंना.
हं, इथं घेतला बघ श्वास."

मागं नेऊन पुन्हा ऐकलं.
होता.
नखाएवढा,
सतरा वेळा बघूनही आम्हाला न ऐकू आलेला.

खोका कुण्या गिऱ्हाइकाबरोबर गेला, यादीसकट.

वैशाखात, नळेगाव रोडच्या एका वरातीत
नाचणारी पोरं पाणी प्यायला थांबली
तेव्हा त्यांनी तेच वाजवलं, जेमतेम मिनिटभर.
नवरदेवानं घड्याळ बघितलं.
प्रल्हाद जनरेटरचा गाडा ढकलत होता,
ढकलायचा थांबला.