दोन-दहा

हवालदार राठवांनी पुडकं टेबलावर ठेवलं.
गुजराती पेपर, सुतळीची दुहेरी गाठ.
"भाई छे के बाई?"
पावती मागावी तसं विचारलं.

पाच हाडं. डाव्या तळहाताची.
विश्वामित्रीच्या काठच्या गाळातून,
मगरीनं की पाण्यानं, ते दुसऱ्या कुणी ठरवायचं.
मनगटाची आठही नाहीत,
बोटांची तर सोडाच.

ब्रश फिरवला. कॅलिपर उघडला.
दुसऱ्या हाडाची लांबी, डोक्याची रुंदी,
बुडाची रुंदी. पुन्हा. तिसऱ्यांदा.
आकडे सूत्रात घातले:
शून्याच्या वर पुरुष, खाली बाई.
उत्तर आलं खाली,
पण इतकंसंच,
जसं उंबऱ्यावर थांबून कुणी
येऊ का विचारावं.

मंगळबाजारातला इस्माईलभाई बंगडीवाला
सूत्राशिवाय सांगायचा.
हात हातात घ्यायचा, अंगठा आत मुडपून
बोटांची मुळं दाबायचा:
दोन-चार. दोन-सहा.
बकूआत्याचा हात दाबला
आणि काही न बोलता स्टुलावर चढला,
वरच्या फळीवरचा डबा फुंकर मारून उघडला.
"दोन-दहा, बेन. आ छेल्ली."
दुकानातल्या बायका हसल्या.
आत्या नाही हसली.
चार फुटल्या, पाचवी गेली.

दांडिया बाजारात साठ माणसांची खानावळ,
पहाटे चारला कणकेची परात.
खासवाडीला तिला पोचवलं तेव्हा
तिची हाडं कुणी मोजली नाहीत.
मोजली असती तर
माझ्या सूत्रानं तिला काका म्हटलं असतं.

सूत्र खोटं नाही.
शंभरातल्या पंच्याऐंशींना बरोबर ओळखतं.
उरलेले पंधरा
कुठे जेवतात, कुणाच्या पंगतीला,
ते त्यात नाही.

मी लिहिलं: बहुधा स्त्री.
राठवांनी बोट ठेवलं ते नेमकं पहिल्या शब्दावर.
"मॅडम, याचं काय करू?
फॉर्मात दोनच चौकोन आहेत.
आणि तीन घरं ठाण्यात येऊन बसलीत,
दोन बायकोसाठी, एक भावासाठी."

मी शब्द काढला नाही.
ते थोडे रागावले, मग चहा घ्यायला गेले.

पाचही हाडं कापसात ठेवली,
एकेक, अंगठ्याकडून करंगळीकडे.
गाठ मारायच्या आधी
हातमोजा काढून
माझा डावा तळवा शेजारी टेकवला.
माझं दुसरं लांब आहे.
मोजायची गरज नव्हती,
दिसतच होतं.